कोल्हापूरचं पाणी किती लांबून येतं?

'पर्यावरण आणि आपलं रोजचं जगणं' असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. या विषयावर बोलायला लागलं की साधारण दोन प्रकार होतात. एक तर ध्रुवावरचा बर्फ वितळायला लागतो, नाही तर कापडी पिशवी वापरा असा उपदेश सुरू होतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण दोन्हींच्या मधे आपलं गाव राहून जातं. म्हणून आज मी गावाबद्दलच बोलायचं ठरवलंय. कोल्हापूरच्या पाण्याचा इतिहास. मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे सनावळ्या थोड्या सांगेन आणि त्या सनावळ्यांतून कुठली दिशा दिसते याकडे जास्त बघेन.

ती दिशा सुरुवातीलाच सांगून टाकतो. गेल्या दीडशे वर्षांत या शहराचं पाणी सतत लांब लांब जात राहिलं. आधी ते दारात होतं. मग वेशीबाहेर गेलं. मग नदीवर गेलं. आता ते पन्नास किलोमीटरांहून लांब आहे. प्रत्येक वेळी पाणी वाढलं, सोय वाढली. आणि प्रत्येक वेळी मागे जे पाणी राहिलं, त्याची आपण माती केली. हे असं का होतं, आणि ते थांबवायचं तर रोजच्या वागण्यात काय बदलावं लागेल, एवढाच आजचा मुद्दा आहे.

सुरुवात तीर्थांपासून करू. जुनं करवीर हे तीर्थांचं गाव. करवीर माहात्म्यात इथल्या तीर्थांची लांबलचक यादी येते. तीर्थ म्हटलं की आपल्याला देवधर्म आठवतो, पण व्यवहारात तीर्थ म्हणजे पाण्याचा साठा. कपिलतीर्थ, वरुणतीर्थ, कोटितीर्थ, रावणेश्वराचा तलाव, पद्माळा, रंकाळा. आज या नावांचं काय झालंय बघा. कपिलतीर्थ म्हटलं की आपल्याला भाजी आठवते, कारण तिथं मार्केट आहे. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. रावणेश्वराच्या तलावाच्या जागी शाहू स्टेडियम उभं आहे. अंबाबाईच्या देवळाच्या आवारातलं मणिकर्णिका कुंडसुद्धा बुजवलं गेलं होतं. अगदी अलीकडे ते पुन्हा खोदून उघडं केलं, तेव्हा नव्या पिढीला कळलं की इथं कुंड होतं.

आता ही तळी बुजवणारे लोक मूर्ख होते, असं मी म्हणणार नाही. डास असतील, घाण असेल, साथीची भीती असेल, बाजाराला जागा हवी असेल. त्या त्या काळाला पटणारी कारणं असणारच. पण एक गोष्ट लक्षात घ्या. दुसरीकडून पाणी मिळायला लागल्याशिवाय कुणी घरातला रांजण फोडत नाही. जवळचं पाणी पुरून टाकता येतं, कारण लांबचं पाणी आलेलं असतं. आणि पाणी पुरलं तरी त्याची जागा ते विसरत नाही. मोठा पाऊस झाला की गांधी मैदानात तळं साचतं, वर्तमानपत्रात फोटो येतो, 'मैदानाला तळ्याचे स्वरूप' असा मथळा येतो. खरं तर तळ्याला मैदानाचं स्वरूप आलं होतं. पाऊस फक्त आठवण करून देतो.

दुसरा टप्पा कळंब्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराच्या दक्षिणेला कळंबा तलाव झाला आणि तिथून नळानं, नैसर्गिक उतारानं पाणी शहरात आलं. पंप नाही, वीज नाही, डिझेल नाही. जमिनीचा उतार हीच यंत्रणा. मंगळवार पेठेच्या बाजूला 'पाण्याचा खजिना' नावाचा भाग आहे. हे नाव मला फार मोलाचं वाटतं. ज्या लोकांनी साठवलेल्या पाण्याला खजिना म्हटलं, त्यांच्या मनात पाण्याची किंमत काय होती हे त्या एका शब्दात आलं. खजिन्यातून माणूस मोजून काढतो. आज आपण 'टाकी' म्हणतो. टाकी रिकामी झाली की पुन्हा भरायची. खजिना रिकामा झाला तर राज्य बुडतं.

तिसरा टप्पा राजर्षी शाहू महाराजांचा. १९०२ साली महाराजांनी संस्थानाचं पाटबंधाऱ्यांचं धोरण ठरवलं, त्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमला आणि जुन्या तळ्यांची, विहिरींची पाहणी करायला लावली. मोठं धरण बांधायच्या आधी आपल्याकडे जे आहे ते मोजायचं, हा क्रम महत्त्वाचा. मग भोगावती नदीवर राधानगरीचं काम १९०७ च्या सुमारास सुरू झालं. महाराज १९२२ साली गेले, तेव्हा धरण अपुरं होतं. ते पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. म्हणजे ज्यांनी पाया घातला त्यांना भरलेला तलाव बघायला मिळाला नाही. आज त्याची साठवण सव्वाआठ टीएमसीहून थोडी जास्त आहे. पावसाळ्यात त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडले की सगळ्या जिल्ह्याच्या मोबाइलवर निरोप फिरतो.

पण या मातीतून निघालेली आणखी एक कल्पना साऱ्या महाराष्ट्रानं घेतली. तिचं नावच 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा'. इथं शेतकरी मंडळी बसली असतील, त्यांना सांगायला नको. पण ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. नदीच्या पात्रात ठरावीक अंतरावर खांब उभे करायचे. खांबांना खाचा ठेवायच्या. पावसाळा संपत आला की त्या खाचांत फळ्या, म्हणजे आमच्याकडचे बरगे, घालायचे. दोन रांगांच्या मधे माती भरायची. पाणी अडतं. आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की बरगे काढून घ्यायचे, नदीला वाट मोकळी करून द्यायची. बस्स. नदीला कायमची बांधून टाकलेली नाही. ती जेव्हा जास्तीचं घेऊन येते तेव्हा तिला जाऊ द्यायचं, आणि जेव्हा तिच्याकडे थोडं असतं तेव्हा आपण थोडं थांबवायचं. मी पुस्तकांतून पुष्कळ नीतिशास्त्र शिकवलं, पण 'किती घ्यावं आणि कधी सोडावं' याचं इतकं सोपं उत्तर मला क्वचित सापडलं.

आता चौथा टप्पा, आणि इथं गोष्ट बिघडते. शहर वाढलं, कळंबा पुरेना. मग बालिंगा, शिंगणापूर अशा ठिकाणांहून नदीचं पाणी पंपानं उचलायला सुरुवात झाली. ही ठिकाणं शहराच्या वरच्या अंगाला आहेत. साहजिक आहे, पाणी वरूनच घेणार. पण वापरलेलं पाणी कुठं जातं? अभियंत्यांचा सर्वसाधारण हिशेब असा आहे की शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरायचं आणि त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडतं असं मानायचं. म्हणजे माणशी शंभर लिटरच्या वर. चार माणसांच्या घरातून रोज चारशे लिटरहून जास्त. ते न्हाणीघराच्या जाळीतून खाली गेलं की आपल्या लेखी संपलं. पण पाणी संपत नाही. ते खालच्या अंगाला नदीत जातं.

ते ज्या वाटेनं जातं त्या वाटेचं नाव जयंती. कळंब्याच्या बाजूनं येऊन शहरातून वाहणारी ही जयंती एके काळी नदी म्हणून ओळखली जात होती. आज रिक्षावाल्याला 'जयंती नदी' म्हणून बघा, तो विचारेल कुठली? 'जयंती नाला' म्हणा, लगेच मीटर टाकेल. एखाद्या वस्तूशी कसं वागायचं हे तिच्या नावावरून ठरतं. नदीत घाण टाकताना हात जरा अडखळतो. नाल्यात टाकताना अडखळायचं कारणच उरत नाही. आधी आपण नदीची गटार केली की आधी तिला नाला म्हणायला लागलो, हे सांगणं अवघड आहे. दोन्ही गोष्टी एकमेकींचा हात धरून झाल्या असणार.

हे सांडपाणी आता तसंच सोडलं जातं असं नाही. कसबा बावड्याला दिवसाला ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचं शुद्धीकरण केंद्र आहे, दुधाळीलाही एक आहे. पण वीज गेली, पंप बंद पडला, मोठा पाऊस झाला की जयंती ओसंडून थेट पंचगंगेत जाते.

इथं मला कांट आठवतो. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट. त्याची कसोटी तुम्हाला ठाऊक असेल. एखादी कृती करताना स्वतःला विचारायचं, हाच नियम सगळ्यांनी पाळला तर मला चालेल का? आता आपला नियम लावून बघा. 'पाणी वरून घ्यावं आणि घाण खाली सोडावी.' सगळ्या गावांनी असं केलं तर काय होईल? होईल कशाला, झालेलंच आहे. नदीकाठची बहुतेक गावं हेच करतात. मग स्वच्छ पाणी फक्त सगळ्यात वरच्या गावाला. बाकी प्रत्येक गाव कुणाच्या तरी खालीच असतं.

हे दुखणं फक्त आपलं नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की काठावरच्या पार्लमेंटमध्ये बसणं अशक्य झालं. सत्ताधाऱ्यांच्या नाकाला झोंबलं, मग पैसा मंजूर झाला. जोसेफ बॅझलजेट या अभियंत्यानं भुयारी गटारांचं प्रचंड काम केलं. लंडन सुटलं. पण ती गटारं शहराच्या पूर्वेला, खालच्या अंगाला नदीतच सोडली होती. १८७८ साली 'प्रिन्सेस ॲलिस' नावाची प्रवासी बोट नेमकी त्याच भागात बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. ज्या पाण्यात ती पडली ते पाणी काय होतं, यावर तेव्हा मोठा गदारोळ झाला. त्यानंतर घाणीतला गाळ वेगळा काढायला सुरुवात झाली. तात्पर्य काय, तर खाली ढकललेली गोष्ट नाहीशी होत नाही. ती खालच्या माणसाला जाऊन भेटते.

आपल्या खालचा माणूस कोण? पंचगंगेच्या काठानं चालत जाऊ या. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी एकत्र येतं आणि पाचवी सरस्वती गुप्त, अशी ही पंचगंगा. जेमतेम ऐंशी किलोमीटर लांबीची नदी. कोल्हापूर ओलांडलं की पुढं इचलकरंजी, मग शिरोळ तालुका, तेरवाडचा बंधारा, आणि शेवटी नरसोबाच्या वाडीला कृष्णेत विलीन. दत्ताच्या पादुकांना जे पाणी लागतं, त्यात कोल्हापूरचं आणि इचलकरंजीचं काय काय मिसळलेलं असतं याचा विचार दर्शनाला जाताना एकदा करून बघा. तेरवाडला बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. त्याचं कारण गूढ नाही. सांडपाणी, मळी, कारखान्यांचं पाणी यांतले सेंद्रिय पदार्थ कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खाऊन टाकतात. बरगे घातलेले असतात, प्रवाह थांबलेला असतो, मासे गुदमरतात. जो बंधारा शहाणपणाचं उदाहरण म्हणून मी मघाशी सांगितला, तोच घाण पाण्यात सापळा होतो. बंधाऱ्याचा यात दोष नाही. तो बांधणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं की अडवायचं ते पाणी असेल.

आणि इचलकरंजी. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथं काविळीची मोठी साथ आली. हजारो माणसं आजारी पडली, काही दगावली. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं की जी साथ येते, ती ही. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. पण त्याहून मला जास्त बोलकी वाटते ती पुढची गोष्ट. इचलकरंजी पंचगंगेच्या काठावर आहे. तरी तिनं आधी कृष्णेवरून मजरेवाडीहून पाणी आणलं. मग वारणेचं मागितलं. २०१८ साली दानोळीच्या आणि वारणाकाठच्या लोकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला. मग दूधगंगेवर सुळकूडहून योजना आखली. तिथं कागल भागातल्या लोकांनी विरोध केला. आमचं पाणी देणार नाही, तुमची नदी आधी साफ करा, असा त्यांचा सूर.

कोण बरोबर? इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराला चार-चार दिवसांनी नळाला पाणी येणार असेल तर त्याला 'नदी साफ होईपर्यंत थांब' असं कोण सांगणार? आणि वारणाकाठच्या शेतकऱ्याला 'तू दे, उद्या तुझी नदी आटली तर बघू' असं तरी कुठल्या तोंडानं सांगायचं? दोघंही खरे आहेत. नदीकाठचं गाव दुसऱ्याच्या नदीकडे पाणी मागतं, तेव्हा दोन गावांत भांडण लागतं. आणि ज्यानं वरून घाण सोडली तो त्या भांडणात कुठंच नसतो. तो आपल्या घरात नळ सोडून दात घासत असतो. पर्यावरणाचा प्रश्न म्हणजे झाडं आणि पक्षी, असं ज्यांना वाटतं त्यांनी दानोळी आठवावी. तो माणसामाणसांतल्या न्यायाचा प्रश्न आहे.

पाचवा टप्पा तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर झाला. दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन. साधारण ५३ किलोमीटर. वर्षानुवर्षं रेंगाळली आणि अखेर २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात पोहोचलं. लोकांनी फटाके वाजवले. आनंद होणं योग्यच होतं, स्वच्छ पाणी हा प्रत्येकाचा हक्क आहे. पण मला त्या वेळी काळजी वाटली ती अशी. जोवर आपण पंचगंगेच्या खोऱ्यातलं पाणी पीत होतो, तोवर तिच्या आजारपणाशी आपला थोडा तरी संबंध होता. आता पिणार दूधगंगेचं आणि सोडणार पंचगंगेत. कपिलतीर्थाचं जे झालं, जयंतीचं जे झालं, ते पंचगंगेचं व्हायला कितीसा वेळ लागेल?

आणि लांबच्या पाण्याचा भरवसा किती? २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका अशी पातळी आहे. दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. उपसा केंद्रं बुडाली, पंप बंद. चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेलं शहर हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभं होतं. तेव्हा मात्र पेठापेठांतल्या जुन्या विहिरी आणि बोअर आठवल्या. ज्या विहिरींत आपण निर्माल्य आणि प्लॅस्टिक टाकत आलो, त्यांनाच पोहरे लागले. जवळचं पाणी संकटात उपयोगी पडतं, शेजाऱ्यासारखं. पण शेजाऱ्याशी एरवी बोलणं ठेवलेलं असावं लागतं.

आता शब्दाबद्दल थोडं, कारण माझा धंदाच तो. हल्ली सगळीकडे 'शाश्वत जीवनशैली' म्हणतात. मला हा शब्द अडचणीचा वाटतो. आमच्या दर्शनशास्त्रात शाश्वत म्हणजे ज्याला काळाचा स्पर्श होत नाही ते. आत्मा शाश्वत की अशाश्वत यावर हजारो वर्षं वाद चालला. पाणी, माती, नदी या तर झिजणाऱ्या, आटणाऱ्या गोष्टी. म्हणूनच त्यांना जपायचं. आपल्या घरात यासाठी जास्त नेमका शब्द आहे. 'पुरवून वापरणे.' महिनाअखेरीला डब्यात थोडं तेल उरलं की आई म्हणायची, पुरवून वापरा. त्यात कंजूषपणा नव्हता. पाहुणा आला तर त्याच तेलात भजी व्हायची. पुढचा दिवस आहे आणि पुढचा माणूस आहे, याची जाणीव त्यात होती. महापालिका करते तो पाणीपुरवठा, आणि घरानं करायचं ते पुरवून वापरणं. या दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे. आपण पहिला हक्कानं मागतो आणि दुसरा विसरलो.

आणखी एक परंपरा सांगतो. आपल्या जिल्ह्यात, विशेषतः शिरोळ-हातकणंगल्याकडे, दिगंबर जैन शेतकरी कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांच्या आचारधर्मात पाणी गाळून प्यायचा नियम आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण नियम तिथं संपत नाही. गाळल्यावर कापडावर जे सूक्ष्म जीव राहतात, ते ज्या विहिरीचं पाणी असेल त्याच विहिरीत हलक्या हातानं परत सोडायचे. याला जीवाणी म्हणतात. तुम्ही धर्म माना अगर मानू नका, त्यातला विचार बघा. पाणी घेणाऱ्याचं काम पाणी घेतल्यावर संपत नाही. कुठून घेतलं आणि परत काय गेलं, ही जबाबदारी त्याच्याकडेच राहते.

तुम्ही विचाराल, सर, कारखाने एवढं सोडतात, आमच्या एका बादलीनं काय होणार? प्रश्न रास्त आहे. कारखान्यांना कायद्यानंच धरावं लागेल, तिथं उपदेश चालत नाही. पण पंचगंगेत जाणाऱ्या घाणीत शहरांच्या आणि गावांच्या सांडपाण्याचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्या मोरीतून निघतो. शिवाय ज्या गावाला आपल्या सांडपाण्याचा पत्ता माहीत नाही, ते गाव कारखान्याला जाब कुठल्या आधारावर विचारणार?

आणि बदल होतच नाही असंही नाही. गणपतीचं बघा. नव्वदच्या दशकात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं 'विसर्जित मूर्ती दान करा' म्हटलं तेव्हा केवढा विरोध झाला होता. आज पंचगंगा घाटावर काहिली मांडलेल्या असतात. होय, गुळाच्या गुऱ्हाळातली काहील! लोक त्यात मूर्ती बुडवून दान करतात, निर्माल्य वेगळं देतात. बाकीच्या मूर्ती इराणी खणीत जातात. श्रद्धा कुठं कमी झाली? आरती तशीच होते. नदी हीच विसर्जनाची एकमेव जागा, ही सवय तेवढी मोडली. पंचवीस-तीस वर्षं लागली, पण मोडली.

म्हणून शेवटी तीनच कामं सांगतो. पहिलं, घरातल्या मुलांना दोन प्रश्न विचारा: आपलं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं? उत्तर येत नसेल तर रविवारी त्यांना घेऊन जा. एक फेरी बालिंग्याला आणि एक जयंतीच्या पुलावर. रंकाळ्यावर भेळ नंतर खाता येईल. दुसरं, जवळचं पाणी जिवंत ठेवा. गल्लीत विहीर असेल तर तिचा गाळ काढा, गच्चीवरचं पावसाचं पाणी तिला जोडा. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी फरशीला, झाडांना वापरा. वापरलेलं तेल मोरीत ओतू नका. तिसरं, आणि हे सगळ्यात अवघड: नगरसेवक मत मागायला येईल तेव्हा 'पाणी किती तास येणार' याबरोबर 'सांडपाणी किती शुद्ध होऊन जाणार' हेही विचारा. पहिला प्रश्न आपण स्वतःसाठी विचारतो. दुसरा शिरोळच्या माणसासाठी. तो आपला मतदार नाही, पण आपलंच पाणी पितो.

शाहू महाराजांनी जे धरण भरलेलं पाहिलं नाही त्याचा लाभ आपण घेतो. वरच्या अंगाच्या, म्हणजे आपल्या आधीच्या माणसांनी खालच्यांचा विचार केला होता. आता वरच्या अंगाला आपण आहोत.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.